विद्यार्थ्यांची बिऱ्हाडे आणि घरमालकांचे कर्तव्य

मिरज शहरास परगावचा माणूस नवा नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गायन शिकण्यासाठी पलुसकरांचे विष्णु दिगंबर याच गावी राहिले. 1894 साली डॉ. वानलेस यांनी मिशनचे रुग्णालय उघडल्यापासून दूरदूरचे रोगी व त्यांचे आप्त येथे उतरत आले. 1962 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सांगलीच्या वाटेवर 1919 चे विलिंग्डन व 1947 चे वालचंद ही महाविद्यालये आहेतच. इतक्या सर्व विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही. उरलेले गावात खोल्या शोधीत हिंडतात, आणि आजच्या लेखाचा विषय तेथेच सुरू होतो.

पूर्वी ज्या दोन खोल्यांत एक कुटुंब राही, तेथे आता चार खाटा पडतात आणि ‘कॉट बेसिस’वर प्रत्येक खाटेचे भाडे निराळे घेतले जाते. चार खाटांची बेरीज एका कुटुंबाच्या भाड्याहून सहज अधिक भरते; म्हणून घरमालकाचा ओढा विद्यार्थ्याकडे वळला आहे. यात आम्हांस गैर काही दिसत नाही. ज्याने कर्ज काढून माडी चढविली, त्याने तिचे योग्य उत्पन्न घ्यावे. परंतु उत्पन्न घेणे निराळे आणि नडलेल्या परक्या मुलास नाडणे निराळे. भाड्याची पावती नाही, करार नाही, अनामत रोख घ्यावयाची आणि मुलगा गाव सोडू लागला की रंगरंगोटीच्या नावाखाली ती गिळावयाची, हा प्रकार सर्रास चालतो. शेकडो मैलांवरून आलेला मुलगा परीक्षेच्या तोंडावर भांडावयास उभा राहत नाही, हे मालकास पक्के ठाऊक असते.

घरमालकांची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या दरास बांधली गेली आणि एकदा आत आलेला भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या निघेना. त्या अनुभवाची धास्ती मालकांच्या मनांतून अद्याप गेलेली नाही. कागद केला तर घर जाईल, अशी त्यांची समजूत आहे. ही समजूत आज सर्वथा चुकीची आहे. 31 मार्च 2000 पासून अमलात असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या 24 व्या कलमान्वये राहण्यासाठी परवान्याने दिलेली जागा मुदत संपताच सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून परत मिळविता येते, आणि जागा अडवून बसणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे कागद हे मालकाचेच कवच होय.

उलट कागद न करणारा मालक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. याच कायद्याचे 55 वे कलम सांगते की करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तसे न केल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘अकरा महिन्यांचा करार, त्यास नोंदणी कशाला?’ असे पुष्कळ सुशिक्षितही विचारतात. ही सवलत 1908 च्या नोंदणी कायद्यातील वर्षाच्या मर्यादेतून निघालेली आहे. 55 व्या कलमापुढे महाराष्ट्रात ती टिकत नाही. भाड्याची पावती देणे हेही मालकावर बंधनकारक आहे, आणि मुलगा निघावा म्हणून पाणी वा वीज तोडणे 29 व्या कलमाने निषिद्ध आहे.

पावतीचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो गरीब विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सरकारची स्वाधार योजना आहे. तिचा पैसा मिळण्यास खोली भाड्याने घेतल्याचा पुरावा लागतो. मालकाने कागद नाकारला की सरकारने देऊ केलेला घास त्या मुलाच्या तोंडून गेलाच म्हणून समजावे.

याहून लाजिरवाणा भाग पुढेच आहे. खोली पाहण्यास आलेल्या मुलास प्रथम आडनाव विचारावयाचे, आणि ते ऐकताच ‘खोली कालच गेली’ म्हणून सांगावयाचे, ही रीत अजून मेलेली नाही. 1917 साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या डॉ. आंबेडकरांना बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही; नाव लपवून पारशी विश्रामगृहात उतरावे लागले आणि तेथूनही हुसकले गेले. अस्पृश्यतेच्या कारणावरून घर नाकारणे 1955 च्या कायद्याने गुन्हा ठरले; पण गोड शब्दांत सांगितलेले खोटे कोणत्या न्यायालयात पकडावे? तेथे कायद्याचा हात आखडतो आणि माणसाची सदसद्‌विवेकबुद्धीच कामी यावी लागते. मिरजेच्या एका अंगास कोल्हापूर आहे; तेथे शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहांची परंपरा उभी केली. दुसऱ्या अंगास सातारा आहे. तेथे 1924 साली भाऊराव पाटलांनी सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली आणि एका पंक्तीस आणली. या दोहोंच्या मध्ये वसलेल्या नगरीने आडनाव पाहून कुलूप उघडावे, हे तिला शोभत नाही.

आमची सूचना साधी आहे. महाविद्यालयांनी नोंदलेले करार करणाऱ्या घरमालकांची यादी ठेवावी आणि ती प्रवेशाच्या वेळीच मुलांच्या हाती द्यावी. महानगरपालिकेने एका खोलीत किती खाटा, किती मोऱ्या व किती शौचकूप याची तपासणी करावी. अनामत किती, ती कधी परत करावयाची आणि कोणत्या कारणासाठी कापावयाची, हे करारातच लिहावे. विद्यार्थ्यांनीही भाडे वेळेवर द्यावे, शेजाऱ्यांची झोप मोडू नये आणि जागा घेतली तशी परत करावी. हक्क मागणाऱ्याने कर्तव्य विसरून चालत नाही.

वार लावून जेवणाऱ्या गरीब मुलास घरोघर पान वाढणारा हा महाराष्ट्र आहे. आज कोणी फुकट अन्न मागत नाही. तो पुरते भाडे मोजून चार भिंती, एक पावती आणि माणुसकीची वागणूक मागतो. उद्या तोच वैद्य होऊन आपल्या उशाशी उभा राहावयाचा आहे. त्या वेळी त्याचे आडनाव विचारण्याचे भान कोणास राहील काय?