घाई निखाऱ्यांची

थंडी पडली की आमच्या अंबरनाथ-बदलापूरकडे संध्याकाळी गच्चीगच्चीवर शेगड्या पेटू लागतात. हल्ली त्याला बार्बेक्यू म्हणायचे. नाव काही का असेना, तक्रार एकच ऐकू येते : "कोंबडी वरून कोळसा नि आतून कच्ची!"

दोष मसाल्याचा नसतो, घाईचा असतो. ज्वाळा दिसल्या की आपण सळ्या मांडतो. ज्वाळा बसून निखाऱ्यांवर करडी राख धरेपर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे, थांबायलाच हवे. मग निखारे शेगडीच्या एका बाजूला लोटा. तुकडे आधी त्यांच्यावर भाजून घ्या, नंतर रिकाम्या बाजूला सरकवून वर पातेले पालथे घाला. तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्या. शंका आली तर जाड तुकडा हाडाशी कापून बघा. आत गुलाबी दिसला तर पुन्हा शेगडीवर. चरबी ठिबकून भडका उडाला तर पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते. तुकडा बाजूला घ्या, भडका आपला आपण बसतो. कडवटपणा येतो तो या काजळीचाच. आणि कच्चे मांस ठेवलेल्या ताटात भाजलेले काढू नका, एवढे लक्षात ठेवा.

सळईवरून खिमा गळून पडतो, हे दुसरे दुखणे. मी अंडे घालून बघत असे, त्याने तो जास्तच सैल होई. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात राहणाऱ्या माझ्या सिंधी सहशिक्षिकेने खरा उपाय सांगितला : किसलेला कांदा फडक्यात घट्ट पिळायचा, खिमा कणकेसारखा मळायचा, थोडे भाजलेले बेसन घालायचे आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचा.

आता एक गोष्ट सांगते, लाज वाटते तरी. मागच्या डिसेंबरात बदलापूरला नणंदेकडे गच्चीवर जेवणे झाली. सासूबाईंना थंडी वाजत होती, म्हणून मीच उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी खोलीत आणून दारे-खिडक्या लावल्या. धूर नव्हता, म्हणून निर्धास्त! अर्ध्या तासात सासूबाईंचे डोके भणाणले, धाकटा मळमळतेय म्हणत पेंगू लागला. नणंदेने खिडक्या सताड उघडून सगळ्यांना गच्चीवर नेले, तिथून थेट दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. झोपला असतात तर कळलेही नसते." पाचवीच्या पोरांना 'ज्वलनाला हवा लागते' हे शिकवणारी मी, खाली मान घालून ऐकत होते. तेव्हापासून शेगडी आमच्याकडे उंबरठ्याच्या आत येत नाही, पाऊस आला तरी!

उरलेले निखारे पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकण लावून बाहेरच ठेवावेत. हवा न मिळाल्याने विझतात आणि पुढच्या खेपेला चटकन पेटतात. पावसाळ्यात सादळलेला कोळसा मात्र दोन दिवस उन्हात घाला, नाही तर नुसता धुमसत बसतो. पेटवायला रॉकेल नको, मांसाला वास लागतो. नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या आपल्या घरी असतातच की!