चटणीचे दहा रुपये

बाहेर खाऊन घरी परतलेल्या ज्येष्ठांच्या तोंडून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकू येते. पिझ्झासोबतच्या इवल्या डबीतल्या सॉसचे वेगळे पैसे, बर्गरमधल्या चीजच्या पातळ कापाचे वेगळे, सांबाराच्या दुसऱ्या वाटीचे वेगळे, पार्सलच्या डब्याचेही वेगळे! रक्कम तशी मोठी नसते. दहा, वीस, फार तर चाळीस रुपये. तरीही खाल्लेल्या पदार्थाच्या चवीपेक्षा त्या दहा रुपयांची आठवणच अधिक काळ टिकते.

हा विषय आरोग्याच्या पानावर कशासाठी, असे आपल्या मनात येईल. या ‘वरच्या’ वस्तूंपैकी काही वस्तू उतारवयातील शरीराला खरोखर आवश्यक असतात आणि काही अपायकारक असतात. परंतु बिलात त्या दोन्ही एकाच रांगेत उभ्या राहतात. पैशाच्या रागापोटी वा संकोचापोटी आवश्यक वस्तू नाकारली जाते, तर घरच्यांच्या आग्रहापोटी अपायकारक वस्तू पोटात जाते. म्हणून कोणते पैसे निःसंकोचपणे द्यावेत, कोणत्या वस्तूला ‘नको’ म्हणावे आणि कोणती रक्कम देण्याचे बंधनच आपल्यावर नाही, हे तीन भेद आज समजून घेऊ.

संकोच कोठून येतो?

आज सत्तरी ओलांडलेल्या पिढीने जी उपाहारगृहे पाहिली, त्यांची रीत निराळी होती. बसताक्षणी पाण्याचा पेला समोर येई. उडपी हॉटेलात सांबाराची वाटी रिकामी झाली की वाढपी न विचारता ती पुन्हा भरून जाई. मिसळीला पावाचे पैसे मोजावे लागत, पण रस्सा मागून घेता येई. वड्यासोबतची लसणाची चटणी आणि तळलेली मिरची यांचा हिशेब कोणी विचारीत नसे. अनेक ठिकाणी ही रीत आजही टिकून आहे. ती खरे तर व्यवहाराचीच रीत होती. वरच्या चटणीची किंमत मूळ पदार्थाच्या दरात धरलेली असे. पण ग्राहकाला ती आतिथ्यासारखी भासे.

साखळी पद्धतीच्या झटपट खाद्यगृहांचा हिशेब वेगळा असतो. तेथे प्रत्येक पदार्थाचे माप ठरलेले, सॉसची प्रत्येक पुडी मोजलेली. फलकावरची मूळ किंमत आकर्षक वाटावी म्हणून ती कमी ठेवायची आणि भर घालणाऱ्या गोष्टी स्वतंत्रपणे विकायच्या, असे त्यांचे गणित. दर आधी सांगितलेला असेल तर त्यात गैर काही नाही. परंतु ज्यांच्या मनात जुनी रीत आहे, त्यांना चटणीचे दहा रुपये हे आतिथ्य नाकारल्यासारखे वाटतात. मग ‘नको, मला काही नको’ हे वाक्य सहज तोंडी येते. त्या ‘नको’मागे भूक आणि तहान शिल्लक आहे का, हे पाहणे महत्त्वाचे.

हे पैसे अवश्य द्यावेत

पहिली गोष्ट पाण्याची. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, शरीरातील पाण्याचे एकूण प्रमाण घटते आणि लघवी दाट करून पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडांची क्षमता कमी होते. रक्तदाबासाठी वा सूज उतरण्यासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी अधिकच लवकर कमी होते. परिणामी चक्कर, अशक्तपणा, बद्धकोष्ठ, क्वचित बोलण्यात असंबद्धपणा अशी लक्षणे दिसतात. म्हणून ‘बाटलीचे एवढे पैसे? राहू दे, घरी जाऊन पिईन’ हा निर्णय उन्हाळ्याच्या दिवसांत महागात पडू शकतो. प्रथम साधे पिण्याचे पाणी मागावे. त्याच्या स्वच्छतेविषयी शंका असेल तर घरून आणलेली बाटली जवळ ठेवावी. ती नसेल तर विकतची घ्यावी आणि पैशाचा विचार तेथेच सोडून द्यावा. हृदयविकारामुळे वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल, तर मात्र तेच माप पाळावे.

पाणी टाळण्यामागे कधी कधी पैशाऐवजी स्वच्छतागृहाची चिंता असते. ती उघडपणे बोलून दाखवली जात नाही. सोबत असणाऱ्यांनी बसण्यापूर्वीच स्वच्छतागृह कोठे आहे, तेथे पायऱ्या किती आहेत, हे पाहून ठेवले तर पेला आपोआप ओठांना लागतो.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. उतारवयात तोंड कोरडे पडण्याची तक्रार पुष्कळांना असते आणि नैराश्यावरील, लघवीच्या तक्रारींवरील व ॲलर्जीवरील काही औषधांमुळे ती वाढते. त्यातच कवळी असेल तर कोरडा पाव, जाड पोळीचा पिझ्झा वा इडलीचा शेवटचा तुकडा घशात अडखळतो. अशा व्यक्तीने सांबाराची दुसरी वाटी मागितली तर ती केवळ चवीसाठी नसते. घास सुखाने उतरावा यासाठी असते. तेव्हा दही, ताक, पातळ सांबार यांपैकी एखादी वस्तू पहिल्या मागणीतच सांगून टाकावी. ती जेवणाचाच भाग झाली की ‘जास्तीचे’ मागण्याचा संकोच उरत नाही. मीठ बेताचे ठेवायचे असेल तर साधे दही अधिक बरे. ताक बिनमिठाचे सांगावे. पाणी पिताना वा घास गिळताना वरचेवर ठसका लागत असेल तर मात्र तो वयाचा दोष समजून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

तिसरी गोष्ट पुरेशा अन्नाची. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन बाहेर पडलेल्या व्यक्तीने संकोचाने अर्धवट खाल्ले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे. अशा वेळी आणखी एका इडलीचे पैसे हा खर्च नसून पथ्य आहे.

येथे ‘नको’ म्हणावे

आता दुसरी बाजू. जी वस्तू पूर्वी न विचारता पानात पडे, तिच्याविषयी आज ‘घालू का?’ असा प्रश्न विचारला जातो. आरोग्याच्या दृष्टीने ही एक संधीच आहे. नाही म्हणण्यासाठी एक क्षण आपल्याला आपोआप मिळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे साधारण २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे. चीजच्या एका चौकोनी कापात दोन-तीनशे मिलिग्रॅम सोडियम असते; टोमॅटो केचपच्या एका लहान पुडीत शंभराच्या आसपास. एक चीजचा काप आणि दोन पुड्या मिळून दिवसाच्या मर्यादेचा पाचवा हिस्सा संपतो. मूळ पदार्थातले मीठ वेगळेच. ज्यांना रक्तदाबाचा वा हृदयाचा विकार आहे त्यांच्यासाठी ही भर लहान नाही.

मेयोनेजच्या डबीचा मुख्य घटक तेल. पंचवीस ग्रॅमच्या डबीत निम्मे तेल धरले तरी शंभराहून अधिक उष्मांक होतात आणि पोट भरल्याची जाणीव मात्र होत नाही. गोड शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या पेल्यात साधारण तीस ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे सहा चमचे. ‘थोड्या पैशांत मोठा पेला देऊ का?’ या प्रश्नाला ठाम नकार द्यावा. वीस रुपयांची बचत झाल्यासारखी वाटते, पण ती साखर मोजण्याच्या यंत्रावर उमटते. लिंबू-सोडा हवा असेल तर तो खारा न घेता बिनमिठाचा, बिनसाखरेचा सांगावा.

दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांनी प्रत्येक पदार्थाचे उष्मांक फलकावर वा मेनूवर दर्शवावेत, असा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. ती अक्षरे बारीक असतात; तेव्हा चष्मा घरी विसरू नये आणि तरुणांनी ती वाचून दाखवावीत.

बिलातल्या ओळी

मागितलेल्या वाढीव पदार्थाचे पैसे, दर आधी कळवला असेल तर, देणे न्याय्य आहे. पाण्याच्या बाटलीबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असा निर्णय दिला की, हॉटेले व उपाहारगृहे यांच्यावर ती छापील किमतीलाच देण्याचे बंधन नाही, कारण तेथे वस्तूसोबत सेवाही दिली जाते. म्हणून झाकण उघडण्यापूर्वी दर विचारणे हाच उपाय.

सेवाशुल्काचे मात्र तसे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावाने घेता येत नाही आणि ते न दिल्याने प्रवेश वा सेवा नाकारता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही तत्त्वे उचलून धरली. वस्तू व सेवा कर हा सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क हा कर नव्हे. नावे सारखी वाटतात, म्हणून बिल सावकाश वाचावे. सेवाशुल्क लावलेले आढळले तर आवाज न चढवता ‘ही ओळ काढून द्या’ एवढेच सांगावे. न ऐकल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. वाढप्याने आपुलकीने वाढले असेल तर त्याच्या हाती स्वेच्छेने काही ठेवावे. त्यातला आनंद सक्तीच्या टक्क्यांत नाही.

मोबाइलवरून घरी पदार्थ मागवताना अधिक सावध राहावे. देणगी, बक्षिशी वा एखादा जास्तीचा पदार्थ यांपुढे आधीच खूण केलेली असू शकते. ग्राहकाच्या संमतीवाचून यादीत वस्तू वा रक्कम सरकवणे, तसेच किमतीतील भाग शेवटपर्यंत दडवून ठेवणे, या दोन्ही गोष्टी ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या क्लृप्त्या म्हणून नोंदवल्या आहेत. पैसे भरण्यापूर्वी यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचावी. जवळच्या दुकानातून पार्सल आणायचे असेल तर स्टीलचा डबा न्यावा. गरम सांबार पातळ पिशवीतून आणण्यापेक्षा ते केव्हाही चांगले, आणि डब्याचे पैसे वाचण्याचीही शक्यता असते.

सोबत असणाऱ्यांसाठी दोन शब्द

वडिलांनी चटणीच्या दहा रुपयांवरून कुरकुर केली की ‘दहा रुपयांसाठी काय एवढे, बाबा!’ असे आपण सहज म्हणून जातो. त्या वेळी त्यांचा हिशेब रुपयांचा नसतो. महिन्याच्या पगारात घर चालवताना ज्यांनी बाहेरच्या खाण्याची हौस मागे ठेवली, त्यांना प्रत्येक घोटाची किंमत लिहिलेली पाहून आपण येथे पाहुणे नाही, आपण ओझे आहोत, असे वाटू लागते. चारचौघांत त्यांना हसले तर पुढच्या वेळी ते येणारच नाहीत. ‘तुम्ही जाऊन या, मला भूक नाही’ हे वाक्य घरात वारंवार ऐकू येऊ लागले तर त्याचे मूळ येथे असू शकते. एकटेपणाने खाणे आणखी कमी होते, हेही आपण जाणतोच.

यासाठी सोपे उपाय आहेत. निवडलेल्या पदार्थांसोबत काय येते आणि कशाचे वेगळे पैसे पडतात, हे मागणी देण्यापूर्वीच विचारून घ्यावे, म्हणजे शेवटी धक्का बसत नाही. आई-वडिलांना ‘तुम्हाला काही हवे का?’ असे न विचारता ‘दही घेऊ की ताक?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नको’ हेच येते. दुसऱ्याचे उत्तर विचार करून दिले जाते. बिल त्यांच्यापासून लपवू नये. त्यांची इच्छा असेल तर कधी त्यांनाच देऊ द्यावे. आपल्या पैशाने नातवंडांना खाऊ घालण्याचे समाधान त्यांना मिळू द्यावे.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्यालाही एक विनंती. बिलाकडे आपण जरूर पाहावे, चुकीच्या ओळीवर जरूर बोट ठेवावे. मेयोनेजची डबी आणि मोठा पेला खुशाल परत पाठवावा. परंतु पाण्याचा पेला, दह्याची वाटी आणि घास सुखाने उतरावा म्हणून लागणारे सांबार, यांना ‘वरचे’ समजू नये. ते आपल्या जेवणातलेच आहे. ते मागताना मान खाली घालण्याचे काही कारण नाही.