थकलेल्या हप्त्यापायी गाड्या ओढून नेण्याचे प्रकार थांबवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हाधिकारी कार्यालय, भंडारा

महोदय,

आम्ही जिल्ह्यातील मालवाहू गाड्या व ट्रॅक्टरचे मालक-चालक आहोत. हप्ते थकले आहेत, हे आम्ही नाकारत नाही. कर्ज फेडणारच आहोत. पण हप्ता दर महिन्याला भरायचा आणि कमाई धानाच्या हंगामावर. खरेदी केंद्रावरचे चुकारे रखडले की शेतकरी भाडे देऊ शकत नाही, आणि तिथेच आमचा हप्ता चुकतो.

मग वसुलीवाले भर रस्त्यात गाडी अडवतात, किल्ली काढून घेतात. गाडीत भाड्याचे धानाचे कट्टे असले तरी उतरवू देत नाहीत. ‘गाडी स्वखुशीने जमा केली’ अशा छापील कागदावर तिथेच सही घेतात. ओळखपत्र मागितले तर शिवीगाळ होते.

गुंडांकरवी वसुली करण्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच प्रकाश कौर प्रकरणात कडक ताशेरे ओढले आहेत. जप्तीपूर्वी नोटीस आणि विक्रीपूर्वी रक्कम भरण्याची शेवटची संधी हवी, असे रिझर्व्ह बँकेचे नियम सांगतात. सकाळी 8 पूर्वी व सायंकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करण्यासही मनाई आहे. सप्टेंबर 2022 मध्ये झारखंडमधील हजारीबाग येथे ट्रॅक्टरच्या वसुलीत एका गर्भवती तरुणीचा जीव गेला, तेव्हा कुठे रिझर्व्ह बँकेने संबंधित फायनान्स कंपनीची एजंटांमार्फत होणारी वसुली काही काळ बंद केली. आपल्या जिल्ह्यात तशी वेळ येऊ देऊ नये, ही कळकळीची विनंती.

आपण फायनान्स कंपन्या, अग्रणी बँक व पोलीस यांची तातडीने बैठक घ्यावी. नोटिशीची प्रत व एजंटचे ओळखपत्र पाहिल्याशिवाय पोलीस ठाण्याने जप्तीची सूचना नोंदवू नये. बळजबरी झाल्यास गुन्हा दाखल करावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 51 प्रमाणे मालकाचे म्हणणे ऐकल्याशिवाय परिवहन कार्यालयाने नोंदणी कंपनीच्या नावे करू नये.

सर्वांत निकडीची मागणी विक्रीबाबत आहे. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याआधी कंपनीला उत्तरासाठी 30 दिवस द्यावे लागतात. तेवढ्यात गाडी यार्डातून विकली गेली, तर तक्रार करून काय उपयोग? म्हणून तक्रारीचा निकाल लागेपर्यंत विक्री थांबवण्याची लेखी हमी कंपन्यांकडून घ्यावी, आणि चुकारे अडलेल्या कर्जदारांना हप्ते पुढे ढकलून मिळावेत.

आपले विनीत,
भंडारा जिल्ह्यातील कर्जदार वाहनमालक व चालक

प्रत माहितीस्तव : मा. पोलीस अधीक्षक, भंडारा, मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी, भंडारा