रिकामी अंबारी

रणांगणावर सेनापतीने हत्तीवर बसावे, हा हिंदुस्थानातील युद्धांचा जुना रिवाज. तो केवळ डौलासाठी नव्हता. आपला धनी जिवंत आहे आणि जागेवर आहे, हे शेवटच्या शिपायासही दिसावे, हा त्यातील हेतू होता. परंतु जो आपल्या फौजेस दिसतो तो शत्रूसही दिसतो. म्हणून अंबारीत बसणे म्हणजे बाणांच्या आणि गोळ्यांच्या माऱ्यात बसणे होय. मिरविण्याचे मोल प्राणाने द्यावे लागे.

या रिवाजाचे वैगुण्यही इतिहासाने दाखविले आहे. १६५८ साली आग्र्यानजीक सामूगढ येथे दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. अंबारी रिकामी दिसताच धनी पडला असे समजून त्याची फौज उधळली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडल्यावर भाऊसाहेबांनी हत्ती सोडून घोडा घेतला, आणि तेथेही रिकाम्या अंबारीने घात केला, असे सांगतात. दोन्ही पराभवांस इतर कारणे पुष्कळ होती, हे खरे. पण ज्यांची निष्ठा केवळ दिसणाऱ्या अंबारीवर टांगलेली असते, ते क्षणात विस्कटतात, हा धडा विसरता येत नाही.

नेतृत्वाचा दुसरा प्रकार शिवछत्रपतींच्या एका पत्रात दिसतो. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांस ते बजावतात की, पावसाळ्यासाठी साठविलेला दाणावैरण आताच उधळू नका. तसे केलेत तर शिपाई कुणब्यांच्या दारी जातील, आणि यांच्यापेक्षा मोगल बरे असे रयत म्हणेल. रात्री दिवे जळते ठेवू नका; उंदीर पेटती वात नेईल आणि गवत पेटेल. उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करणारा राजा त्या वेळी कोणत्याही अंबारीत नव्हता!

आजचे राजकारण पाहावे. अंबारी उरली आहे, मारा मात्र राहिलेला नाही. २०१९ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राने भल्या पहाटेचा शपथविधी पाहिला. जून २०२२ मध्ये आमदारांचा एक गट सुरतेहून गुवाहाटीस गेला, तेव्हा एका आमदाराने दूरध्वनीवर केलेले तेथील झाडी-डोंगरांचे वर्णन घरोघर गाण्यासारखे गाजले. त्याच दिवसांत आसामात महापूर होता आणि लक्षावधी लोक संकटात होते. त्या पुराची चर्चा आपल्याकडे किती झाली? दोष एका पक्षाचा नाही. नाटक रंगते ते प्रेक्षागृह भरते म्हणून; आणि ते भरण्यात आम्ही वृत्तपत्रवाल्यांचाही वाटा आहे, हे आम्ही नाकारीत नाही.

नट नेता होऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. युक्रेनचे झेलेन्स्की दूरचित्रवाणीवर राष्ट्राध्यक्षाची भूमिका करीत होते. २०१९ मध्ये ते खरोखरच त्या पदी निवडून आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केले, तेव्हा ते राजधानी सोडून गेले नाहीत. अंबारीचे मोल त्यांनी मान्य केले. कसोटी हीच आहे.

लोकशाहीत मतदार हा फौजेतील शिपाई नव्हे आणि नाटकाचा प्रेक्षकही नव्हे. तो धनी आहे. कोण कसा बोलला हे विचारण्यापूर्वी, दाणावैरण कोठे आहे आणि जळती वात कोणी उघडी ठेवली, हे त्याने विचारले पाहिजे. हा प्रश्न धन्यानेच विचारला नाही, तर तो दुसरे कोण विचारणार?