सातवीनंतर घरी

‘मुलीला सातवीनंतर शाळेतून काढलं,’ असं पंचवटीत कानावर आलं, तर आपण काय समजतो? लग्नाची घाई, नाहीतर घरकामाला हात हवा. वस्ती कोणत्याही धर्माची असो.

मुंबईच्या मालविका जोशीनंही सातवीनंतर शाळा सोडली. मात्र तिची आई सुप्रिया यांनी नोकरी सोडून तिला घरी शिकवलं. वेगवेगळे विषय करून बघता बघता मालविका प्रोग्रॅमिंगमध्ये रमली. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिनं तीन पदकं मिळवली. बारावी नाही म्हणून आयआयटीचं दार बंद राहिलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीनं तिला प्रवेश दिला.

रमजानमध्ये आमच्या घरांतल्या मुलीही खूप शिकतात. सहरीची वेळ सांभाळणं, इफ्तारीचा हिशोब, ईदचे कपडे शिवणं, मेंदी काढणं. ही कला खरीच आहे. पण सगळा दिवस घरकामातच जात असेल, तर त्याला घरचं शिक्षण म्हणू नये. मुलीला स्वतःचे तास हवेत, आवडीचा विषय निवडता यायला हवा आणि पुढची वाट मोकळी हवी. ती वाट आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी देता येते.

रमजान हा कुरआन अवतरल्याचा महिना आणि त्यातली पहिली आज्ञा वाचनाची. यंदा जकात काढताना गरजू घरातल्या अशा एखाद्या मुलीची परीक्षा फी त्यात धरू या. आणि फॉर्म भरायला शेजारच्या ताई-दादांनी तिच्याजवळ अर्धा तास बसावं.