काँग्रेस गवत आणि आम्ही गुरुजी

परवा विट्याला एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत एक जुना विद्यार्थी भेटला. पाया पडायला वाकला तेव्हा त्याच्या मानेवरची काळी, जाड झालेली कातडी दिसली. "काँग्रेसची ॲलर्जी, गुरुजी. पावसाळ्यात पापण्यासुद्धा सुजतात," असं हसत म्हणाला. माझा मात्र पुढचा घास अडला.

कारण श्रमदानाच्या तासाला शाळेच्या मैदानातलं हे गवत मीच पोरांकडून उपटून घ्यायचो. तेही पांढरी फुलं आल्यावर, नुसत्या हातांनी! त्याचा त्रास तिथून सुरू झाला की शेतातून, सांगता येत नाही. पण मनातून जात नाही.

कुणी याला गाजर गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. अमेरिकेच्या पी.एल. ४८० च्या गव्हाबरोबर आलं, असं मीही वर्गात ठोकून सांगायचो. पण पुण्यात ते १९५५ सालीच दिसलं होतं आणि तो करार ऑगस्ट १९५६ चा! परदेशी गहू त्याआधीही येत होता म्हणा. असो. अमेरिकेला शिव्या देऊन आपला बांध थोडाच साफ होतो?

१९८४ मध्ये मेक्सिकोहून भुंगेरे आणले. पावसाळ्यात ते पानं फस्त करतात, एरवी मातीत झोपून राहतात. म्हणजे हात लावणं आपल्याला चुकत नाही. एका झाडाला १०,००० ते २५,००० बिया येतात. म्हणून पाऊस पडून जमीन ओली असताना, फुलायच्या आधी, मुळासकट उपटावं. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, नाकाला फडकं हवंच. फुललेलं गवत उकिरड्यात टाकू नये, बी खतातून परत रानात येतं. ज्याला आधीच खाज सुटते त्याने या कामाला जाऊच नये.

माझी तक्रार आपल्याच लोकांवर आहे. भांगलणीला बायका लावताना आपण मजुरीत पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, हातमोज्यांचं नाव कुणी काढत नाही. आमच्या घरीही नव्हतं.

या वर्षी कऱ्हाडहून सहा जोड आणून पुतण्याकडे दिले. बायकांनी तासाभरात काढून ठेवले. "हात घामेजत्यात, आण्णा, आन् खुरपं धरता येत न्हाई." त्यांचंही खरंच आहे. आता कापडी, तळव्याला रबर असलेले मिळतात का ते बघतोय. कुणी वापरले असतील तर कळवा.