कायद्याच्या प्राध्यापकांनी वकिली करावी का?

मानोऱ्याची किंवा रिसोडची बाई पोटगीसाठी कोर्टात जाते तेव्हा तिच्या हाती आधी पडते ती तारीख. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत अंतरिम पोटगीचा निकाल लागावा, असं कायदा म्हणतो. पूर्वीचं 125 कलम, 2024 पासूनचं 144. हे कलम शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक मात्र तिच्या बाजूनं उभे राहू शकत नाहीत. पगारी नोकराला वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम. उलट, वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा 1979 च्या नियमांनी दिली आहे.

ही बंदी उठवावी का? सरसकट नको. फीच्या मागे लागलेल्या मास्तरांचे तास रिकामे जातात, हे एक. दुसरं अधिक महत्त्वाचं. आपल्या विदर्भातलं मथुरा प्रकरण आठवा. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठानं दोषी ठरवलेल्या दोघा पोलिसांना सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये सोडून दिलं. त्याविरुद्ध 1979 मध्ये जाहीर पत्र लिहिलं ते उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी. चौघंही कायदा शिकवणारी. बायका रस्त्यावर आल्या, 1983 मध्ये कायदा बदलला. उद्या ज्यांच्यापुढे उभं राहायचं, त्याच न्यायमूर्तींना असं पत्र लिहायला किती वकील धजले असते?

पण वर्गात बसूनही भागत नाही. बक्षी आणि सरकार 1981 मध्ये आग्र्याच्या संरक्षणगृहातल्या बायकांसाठी स्वतः अर्जदार होऊन सर्वोच्च न्यायालयात गेले.

1987 च्या विधी सेवा कायद्यानं प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. माझं म्हणणं एवढंच, की या मोफत खटल्यांपुरती पूर्णवेळ प्राध्यापकांनाही परवानगी मिळावी. वर्षाला मोजके खटले, फी नाही, सोबत विद्यार्थिनी. पॅनेलवरच्या तरुण वकिलांचं मानधन बुडेल, हा आक्षेप खरा आहे (आणि त्यांत आता मुलीही आहेत). म्हणून प्राध्यापकांनी त्यांच्या जागी नव्हे, जोडीला उभं राहावं.

ही मागणी आपल्या संघटनांनी बार कौन्सिलकडे लेखी करावी. अमरावती विद्यापीठालाही त्याची प्रत द्यावी, वाशीमच्या मुली तिथूनच पदवी घेतात.